चौऱ्याहत्तर

चौतीस वर्षं कोपराखाली काही घातलं नाही.
सिव्हिलचा नियमच होता: अंगठी नाही, बांगडी नाही,
घड्याळ छातीवर, पिनेला उलटं टांगलेलं,
मान खाली घातली की सरळ दिसणारं.
मला त्याचा फक्त सेकंदकाटा ठाऊक.
पंधरा सेकंद, गुणिले चार.

निवृत्तीचे पैसे जमा झाले त्या दिवशी
नवी पेठेतल्या एका काचेत ते दिसलं.
चावीचं. पांढरी तबकडी, निळे काटे,
नाव असं की वाचताना जीभ अडखळावी.
दोन लाख बहात्तर हजार.
किंमत मी परत वाचली,
डॉक्टरांचं अक्षर वाचायचे तशी, उजेडाकडे धरून.

भाचा म्हणाला, मावशी, ही गुंतवणूक आहे.
विकायचंच असेल तर घेऊ कशाला रे?
शेजारच्या गड्डमबाई म्हणाल्या, एवढ्यात
जुने का होईना, दोन माग येतील.
आई काहीच म्हणाली नाही. मनातल्या मनात
ती हजार-हजाराने विड्या वळत राहिली
त्या आकड्यापर्यंत,
आणि मध्येच कुठेतरी तिला झोप लागली.

मरताना कुणी घड्याळाचं नाव काढत नाही म्हणतात.
खरं आहे. मी होते तिथे.
पण देवाचंही सगळ्यांनी काढलं असं नाही.
चौदा नंबरच्या बिराजदार आजोबांनी
शेंगाचटणी मागितली होती, दह्यात कालवून.
मी दिली नाही. पथ्य होतं.
सकाळी खाट रिकामी.
रुखरुख मला त्या चटणीने शिकवली,
फुकटात.

दुकानातला श्रीशैल, गुणी पोरगा,
त्याने हातावर बांधून दिलं.
सवयीने माझी तीन बोटं दुसऱ्या मनगटावर गेली.
पंधरा सेकंदांत चोवीस.
शहाण्णव ठोक्यांवर
मी कुणाची ऑपरेशनच्या कागदावर सही घेतली नसती.
काढ बाळा, म्हटलं. आज पेशंट फिट नाही.

गड्ड्याची जत्रा भरली, पाळणे चढले, उतरले,
होम मैदानावर धूळ आणि उसाची चिपाडं राहिली.
पुन्हा गेले. अठ्ठ्याऐंशी.
त्या दिवशी विचारलं, बिघडलं तर?
पुण्याला पाठवायचं.
किती दिवस? दीड महिना.
आणि पैसे?
तो खाली बघत म्हणाला, वीस-बावीस हजार, मावशी,
पाच-सहा वर्षांतून एकदा लागतातच.
मला बरं वाटलं. हे त्याने आपणहून सांगितलं नव्हतं,
पण लपवलंही नाही.

मग सोलापूरचा एप्रिल.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
आदल्या रात्री पडल्या पडल्या कल्पना करून पाहिली
की कुणी दुसऱ्यानेच ते नेलंय.
रडू येईल वाटलं होतं, आलं नाही.
सुटले, असंही वाटलं नाही.
नुसतं मनगट दिसलं, कोरं,
आणि पहिल्यांदाच ते कोरं असल्याचं कळलं.

दुकानात या वेळी पंधरा सेकंदांवर भागवलं नाही.
स्वतःला पूर्ण मिनिट दिलं.
श्रीशैल थांबला. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी
कन्नडमध्ये भांडत होता, तो थांबला नाही.
चौऱ्याहत्तर.

आईने कानाला लावलं.
रोज चावी द्यायची?
रोज.
मग चुकेल गं ते.

चुकतंच. दिवसाला चार सेकंद पुढे पळतं,
आठवड्याला अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर.
रुखरुख म्हणाल तर तेवढी आहे.
दर रविवारी काटे थांबवून
रेडिओवरच्या बातम्यांच्या टोल्याशी मिळवते.

या रविवारी राहून गेलं.
हात दह्याचे होते,
चटणी कालवत होते.